परदेशी व्यापाराचे इंग्रजी : कोणती चूक सुधारावी आणि कोणती तशीच ठेवावी

कापडाच्या व्यापारात माल हाताने पारखला जातो. सूत बोटांत फिरवून, पन्ना मोजून, तागा उलगडून खरेदीदार भाव ठरवतो. परदेशी सौद्यात मात्र माल पोचायच्या आधी कागद पोचतो. ऑर्डर, स्पेसिफिकेशन, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट हे सारे कागद इंग्रजीत असतात. ते वाचणारा माणूस आपला तागा हातात घेत नाही, तो आपला शब्द हातात घेतो. शब्द कच्चा निघाला तर माल पक्का असूनही पैसे अडकतात.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथील आपल्या अनेक बांधवांचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातून झालेले आहे. इंग्रजी पत्र लिहिण्याची वेळ आली की दोनपैकी एक गोष्ट होते. काही जण भीतीने सारे काम दलालावर किंवा टायपिंग करणाऱ्या मुलावर सोपवतात. काही जण "समजले म्हणजे झाले" असे म्हणून जसे सुचेल तसे लिहितात. दोन्ही रस्ते धोक्याचे आहेत. साहित्यिक इंग्रजीची आपल्याला गरज नाही. गरज आहे ती कोणत्या चुकीने पैसे जातात आणि कोणत्या चुकीने काही बिघडत नाही, हे ओळखण्याची. या लेखात आम्ही तेवढेच मांडणार आहोत.

चुकांचे तीन प्रकार

व्यापारी इंग्रजीतील चुका आम्ही तीन ढिगांत वाटतो. पहिला ढीग नुसत्या अशुद्धतेचा. 'अ' किंवा 'द' राहून जाणे, स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर मागेपुढे होणे, 'इज'च्या जागी 'आर' पडणे, या चुका दिसायला वाईट असल्या तरी बहुतेक वेळा अर्थ बदलत नाही. दुसरा ढीग अर्थ बदलणाऱ्या चुकांचा. यात वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध असू शकते, पण खरेदीदार एक समजतो आणि आपण दुसरे. तिसरा ढीग दुसऱ्याच्या चुकांचा, म्हणजे खरेदीदाराच्या किंवा बँकेच्या कागदातील चुकांचा. त्या आपण आपल्या मनाने सुधारायच्या नसतात.

आपले लोक पहिल्या ढिगाची लाज बाळगतात, दुसऱ्याकडे लक्ष देत नाहीत आणि तिसऱ्यात हात घालतात. हा क्रम उलटा व्हायला हवा.

मुंबईच्या कापसाचा एक जुना खटला

दुसऱ्या ढिगाचे नुकसान किती मोठे असू शकते हे सांगणारा एक प्रसिद्ध खटला आपल्याच मुंबईच्या कापसावरून झाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला मोठा भाव आला. त्या काळात लिव्हरपूलला १२५ गाठी सुरती कापसाचा सौदा झाला. माल 'पीअरलेस' नावाच्या जहाजाने मुंबईहून येणार असे ठरले. पण त्या नावाची दोन जहाजे मुंबईहून निघणार होती, एक ऑक्टोबरमध्ये आणि दुसरे डिसेंबरमध्ये. खरेदीदाराच्या मनात पहिले जहाज होते, विकणाऱ्याच्या मनात दुसरे. डिसेंबरच्या जहाजाचा माल आल्यावर खरेदीदाराने तो घेण्यास नकार दिला. १८६४ साली न्यायालयाने निकाल खरेदीदाराच्या बाजूने दिला. करारात व्याकरणाची चूक एकही नव्हती. जहाज निघण्याचा महिना लिहिलेला नव्हता, एवढेच.

दुसरा खटला न्यूयॉर्कचा, १९६० सालचा. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने अमेरिकेतून गोठवलेल्या कोंबड्या मागवल्या. करारात 'चिकन' हा शब्द होता. स्विस कंपनीला हवी होती भाजण्या-तळण्याची कोवळी कोंबडी. आली ती बराच वेळ शिजवावी लागणारी जून कोंबडी. न्यायालयाने शब्दकोश पाहिले, बाजारातील रिवाज पाहिला, सरकारी नियम पाहिले, भाव पाहिला. शेवटी सांगितले की 'चिकन' शब्दाचा आपला अरुंद अर्थच करारात होता हे खरेदीदाराला सिद्ध करता आले नाही. खरेदीदार हरला. शब्द सर्वांना येतो म्हणून त्याचा अर्थ सर्वांचा एकच असतो असे नाही.

'पर्यंत' आणि 'पाहिजे'

आपल्या बहुतेक चुकांचे मूळ आपल्या भाषेतच आहे. आपण मनात उर्दूत किंवा मराठीत वाक्य बनवतो आणि मग त्यावर इंग्रजी कपडा चढवतो.

मराठीतला 'पर्यंत' आणि उर्दूतला 'तक' घ्या. "१० तारखेपर्यंत माल पाठवू" आणि "१० तारखेपर्यंत गोदाम उघडे राहील" या दोन्ही वाक्यांत आपला शब्द एकच आहे. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला 'बाय' लागतो आणि दुसऱ्याला 'अन्टिल'. "वुई विल सेंड द गुड्स अन्टिल १० जून" असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की १० जूनपर्यंत माल थोडा थोडा करून जात राहील. एकदाच पाठवायचा असेल तर 'बाय' लिहावे, आणि त्याहून चांगले म्हणजे 'नॉट लेटर दॅन' असे लिहून तारीख घालावी.

दुसरा शब्द 'पाहिजे'. "कापड ३ टक्क्यांपेक्षा जास्त आकसता नाही पाहिजे" असे आपण म्हणतो तेव्हा ती सक्त अट असते. त्याचे इंग्रजी करताना आपण 'शुड' लिहितो. आंतरराष्ट्रीय मानक संस्था आयएसओच्या लेखनात या शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत. 'शॅल' म्हणजे अट, ती पाळावीच लागते. 'शुड' म्हणजे शिफारस, पाळली तर बरे. 'मे' म्हणजे परवानगी आणि 'कॅन' म्हणजे शक्यता. म्हणून तुम्ही सूत गिरणीला किंवा प्रोसेस हाऊसला स्पेसिफिकेशन देता तेव्हा सक्त अटीच्या जागी 'शॅल' किंवा 'मस्ट' लिहा. 'शुड' लिहून नंतर भांडायला गेलात तर समोरचा म्हणेल, तुम्ही तर सल्ला दिला होता. उलट, खरेदीदाराच्या कागदात 'शॅल' दिसला की तेथे पेन्सिलीने खूण करा. ती गोष्ट करायलाच हवी.

तिसरी सवय चालू काळाची. "माल भेज रहे हैं" म्हणजे पाठवला की पाठवणार, हे आपण बोलण्याच्या ढंगावरून ओळखतो. "वुई आर सेंडिंग द गुड्स" यावरून परदेशी माणसाला काहीच कळत नाही. माल गेला असेल तर 'वुई शिप्ड' लिहून तारीख घाला. जायचा असेल तर 'वुई विल शिप' लिहून तारीख घाला.

आणि ज्या छोट्या 'अ' आणि 'द'ला आपण किरकोळ समजतो, तोही एका जागी महाग पडतो. "अॅज पर सॅम्पल" म्हणजे कोणता नमुना? पहिला, की दुरुस्तीनंतरचा? तेथे 'द सॅम्पल' लिहून नमुन्याचा नंबर, मंजुरीची तारीख आणि कोणी सही केली हे लिहिले पाहिजे.

एल.सी.मधील तारखांची भाषा

परदेशी व्यापारात पैसे पुष्कळदा लेटर ऑफ क्रेडिटने म्हणजे एल.सी.ने येतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाचे नियम आहेत. त्यांना 'यूसीपी ६००' म्हणतात आणि ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत. या नियमांत काही साध्या इंग्रजी शब्दांचे अर्थ पक्के करून ठेवले आहेत. ते प्रत्येक निर्यातदाराने पाठ करण्यासारखे आहेत.

माल चढवण्याच्या मुदतीसाठी 'टू', 'अन्टिल', 'टिल', 'फ्रॉम', 'बिट्वीन' हे शब्द आले तर लिहिलेली तारीख त्यात धरली जाते. 'बिफोर' आणि 'आफ्टर' आले तर ती तारीख धरली जात नाही. म्हणजे 'बिफोर ३० जून' असेल तर तुमचा शेवटचा दिवस २९ जून. एका दिवसाच्या चुकीने पूर्ण कंटेनरचे बिल अडकू शकते.

गंमत अशी की तोच 'फ्रॉम' शब्द पैसे देण्याच्या मुदतीसाठी आला तर ती तारीख सोडून दिवस मोजतात. 'थर्टी डेज फ्रॉम बिल ऑफ लेडिंग डेट' यात बिल ऑफ लेडिंगचा दिवस मोजायचा नाही.

'ऑन ऑर अबाउट १० जून' असे असेल तर ५ जूनपासून १५ जूनपर्यंत, दोन्ही दिवस धरून, कधीही माल चढवता येतो. 'फर्स्ट हाफ' म्हणजे महिन्याची १ ते १५ तारीख आणि 'सेकंड हाफ' म्हणजे १६ पासून महिनाअखेर. 'बिगिनिंग' म्हणजे १ ते १०, 'मिडल' म्हणजे ११ ते २० आणि 'एंड' म्हणजे २१ पासून अखेरच्या दिवसापर्यंत. 'प्रॉम्प्ट', 'इमिजिएटली', 'अॅज सून अॅज पॉसिबल' हे शब्द बँक विचारातच घेत नाही, तेच शब्द एखाद्या कागदात वापरायचे असे सांगितले असेल तेवढे सोडून. त्यांच्यावर विसंबू नका आणि आपल्या कागदातही ते भरू नका.

'अबाउट' या शब्दाची किंमत

नगाच्या आणि लांबीच्या हिशोबातही असेच आहे. एल.सी.त रक्कम, नग किंवा दर यांच्याआधी 'अबाउट' किंवा 'अॅप्रॉक्झिमेटली' असेल तर १० टक्के कमी किंवा जास्त चालते. पण ज्या आकड्याला तो शब्द लावला आहे त्याच आकड्याला. नगाला लावला आणि रकमेला लावला नाही, तर रक्कम वाढवता येणार नाही.

तो शब्द नसेल तर ५ टक्क्यांची सूट मिळते, पण माल मीटर, किलो अशा मापात असेल तरच, आणि एकूण रक्कम एल.सी.च्या बाहेर जात नसेल तरच. माल नगांत किंवा ठरावीक पॅकिंगमध्ये मोजलेला असेल तर ही सूट नाही. म्हणून २०,००० मीटर कापडात १९,४०० मीटर पाठवले तर चालू शकते, पण २०,००० टॉवेलांत १९,४०० पाठवले तर चालत नाही.

आमच्या परिचयाच्या एका टॉवेलच्या व्यापाऱ्याने मीटरची ही सूट नगाला लागू होते असे समजून थोडा माल कमी पाठवला. बँकेने कागदांत तफावत दाखवली. मालात खोट नव्हती, पण भाव पडला होता. खरेदीदाराने तफावतीचा आधार घेऊन सवलत मागितली. माल बंदरात पोचलेला, भाडे चढत असलेले. त्याला ती सवलत द्यावी लागली. एक शब्द आधी मागून घेतला असता तर हे झाले नसते.

आकडे आणि मापे

इंग्रजी शुद्ध असूनही आकडे घात करतात. लाख आणि कोटी हे शब्द परदेशी पत्रात लिहू नयेत. १,५०,००० असा स्वल्पविराम पाहून परदेशी माणूस गोंधळतो. तेथे १५०,००० असे लिहावे. युरोपातील अनेक देशांत स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. तिकडे १,५०० म्हणजे दीड असा अर्थ होऊ शकतो. म्हणून मोठी रक्कम आकड्याबरोबर अक्षरीही लिहावी.

५/६/ लिहिले की आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिना नेहमी अक्षरात लिहावा. यार्ड आणि मीटर यांत घोळ करू नये. १०,००० यार्ड म्हणजे ९,१४४ मीटर. ८५६ मीटरचा फरक म्हणजे लहान व्यापाऱ्याचा साराच नफा.

कापसाची 'गाठ' म्हणजे आपल्याकडे १७० किलो, तर अमेरिकेची 'बेल' ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलो. 'टन' तीन प्रकारचा असतो. मेट्रिक टन १,००० किलो, ब्रिटिश लाँग टन सुमारे १,०१६ किलो आणि अमेरिकन शॉर्ट टन सुमारे ९०७ किलो. म्हणून नुसते 'बेल' किंवा 'टन' न लिहिता शेजारी किलो लिहावेत.

सुताचा काउंटही असाच. आपण '४० नंबर' म्हणतो तो कापसाचा इंग्लिश काउंट. त्यात आकडा वाढला की सूत बारीक होते. डेनियर आणि टेक्स या पद्धतींत आकडा वाढला की सूत जाड होते. ४० इंग्लिश काउंट म्हणजे सुमारे १४.८ टेक्स. नुसता ४० लिहिणे म्हणजे वाचणाऱ्यावर कोडे सोडणे. पन्ना लिहिताना तो ग्रे कापडाचा की तयार कापडाचा हे लिहावे. रंगाचा पक्केपणा '४' असे लिहून भागत नाही. घासण्याच्या आणि धुण्याच्या पक्केपणाला आयएसओचे माप १ ते ५ चे आहे, तर उजेडाच्या पक्केपणाला १ ते ८ चे. पहिल्यात ४ म्हणजे चांगले, दुसऱ्यात मध्यम.

मालाचे नाव

कापडाची अनेक इंग्रजी नावे आपल्याच मुलखातून गेली आहेत. कॅलिको कालिकतवरून, डंगरी आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. खाकी आणि पायजमा तर आपल्या उर्दू-फारसीचेच. पण परदेशी गेल्यावर या शब्दांनी निरनिराळे संसार थाटले. ब्रिटनमध्ये कॅलिको म्हणजे साधे कोरे सुती कापड, अमेरिकेत बारीक छापाचे. डंगरीज म्हणजे ब्रिटनमध्ये छातीवर पट्टा असलेली विजार, अमेरिकेत जीन्स. तयार कपडे करणाऱ्यांनी आणखी जपावे. 'व्हेस्ट' ब्रिटनमध्ये बनियन, अमेरिकेत जाकीट. 'पँट्स' अमेरिकेत विजार, ब्रिटनमध्ये आतला कपडा. ऑर्डर घेताना नावाबरोबर चित्र आणि मापांचा तक्ता मागून घ्यावा. रंगाला 'खाकी' किंवा 'बदामी' न म्हणता पँटोनचा नंबर लिहावा.

आपल्या बाजारातला 'आर्ट सिल्क' हा शब्दही परदेशात टाळावा. आपल्याला ते कृत्रिम रेशीम आहे हे ठाऊक असते, तिकडच्या माणसाला ते कलाकुसरीचे खरे रेशीम वाटू शकते. त्याऐवजी व्हिस्कोस, पॉलिएस्टर असे धाग्याचे नाव आणि टक्का लिहावा. युरोपात २०११ च्या नियमानुसार '१०० टक्के', 'प्युअर' किंवा 'ऑल' हे शब्द एकाच धाग्याच्या मालालाच लावता येतात. थोडे पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाला 'प्युअर कॉटन' म्हणणे ही तेथे भाषेची चूक राहत नाही, कायद्याची होते.

एक अक्षर बदलले तरी मालाचे नाव बदलते. 'डाइंग' या शब्दात एक 'ई' असली तर कापड रंगवणे, ती गळाली तर मरणे. 'क्लॉथ' म्हणजे कापड, 'क्लोद्स' म्हणजे शिवलेले कपडे. 'सायझिंग' सुताच्या धंद्यात खळ देणे, शिलाईच्या धंद्यात मापे लावणे. संगणक किंवा मोबाइल या चुका पकडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द इंग्रजीत बरोबर आहेत. आता यंत्र संपूर्ण पत्र सुधारून देते. त्याचा उपयोग जरूर करावा, पण सुधारलेल्या पत्रातील प्रत्येक आकडा, तारीख आणि मालाचे नाव मूळ कागदाशी ताडून पाहावे. 'एंड्स' आणि 'पिक्स' म्हणजे ताण्याचे आणि बाण्याचे धागे, हे यंत्राला उमजेलच याचा भरवसा नाही.

छोट्या खुणा

"ट्वेंटी फाइव्ह मीटर रोल्स" हे वाचा. २५ मीटरचे रोल, की ५ मीटरचे २० रोल? इंग्रजीत शब्दांमधली छोटी आडवी रेघ कुठे पडते त्यावर अर्थ ठरतो. रेघेच्या भानगडीत न पडता "२० रोल्स, ईच ५ मीटर" असे लिहावे. "रेड अँड व्हाइट टॉवेल्स" म्हणजे लाल-पांढरे पट्टे असलेले, की काही लाल आणि काही पांढरे? प्रत्येक रंगाचे नग वेगळ्या ओळीत लिहावेत.

स्वल्पविरामाचे मोल अमेरिकेतील मेन राज्यात दिसले. तेथील ओव्हरटाइमच्या कायद्यातील कामांच्या यादीत एक स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे दुधाच्या एका कंपनीच्या ड्रायव्हरांना जादा वेतन लागू आहे की नाही यावर वाद झाला. २०१७ साली अपील न्यायालयाने ती संदिग्धता ड्रायव्हरांच्या बाजूने धरली आणि २०१८ साली ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

जी चूक सुधारू नये

आता तिसरा ढीग. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. इन्व्हॉइसमधील मालाचे वर्णन एल.सी.तील वर्णनाशी जुळले पाहिजे, असा नियम आहे. एल.सी.तील वर्णनाचे इंग्रजी ओबडधोबड असेल तर ते सुधारण्याचा मोह आपल्याकडील शिकलेल्या मुलांना होतो. 'टेरी टॉवेल'च्या जागी ते 'बाथ टॉवेल' लिहितात, शब्दांचा क्रम नीट करतात. येथे शुद्धलेखन हा गुण नाही. एल.सी.त जसे आहे तसेच इन्व्हॉइसवर उतरवावे. इतर कागदांत मालाचे नाव मोघम चालते, फक्त ते एल.सी.शी विसंगत नसावे.

टायपिंगच्या साध्या चुकीची मात्र भीती बाळगू नये. आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाच्या २०१३ च्या बँकिंग प्रथांच्या पुस्तिकेत उदाहरणे दिली आहेत. 'मशीन'च्या स्पेलिंगमध्ये 'सी'च्या जागी 'एस' पडला किंवा 'मॉडेल'ची शेवटची दोन अक्षरे उलटी झाली, तर ती तफावत नाही. पण मॉडेल ३२१ च्या जागी १२३ पडले तर ती तफावत आहे. यावरून समजावे की अक्षराची चूक माफ होते, आकड्याची होत नाही.

एल.सी.तच अर्थ बदलणारी चूक असेल, म्हणजे पन्ना चुकीचा, तारीख चुकीची किंवा बंदर चुकीचे, तर माल चढवण्याआधी लेखी दुरुस्ती मागावी. दुरुस्ती बँकेच्या आणि आपल्या संमतीनेच होते. खरेदीदाराने फोनवर "चालेल" म्हटले म्हणून थांबू नये, कारण बँकेने तो फोन ऐकलेला नसतो.

घरचे इंग्रजी

काही शब्द फक्त आपल्या देशात चालतात. 'डू द नीडफुल' म्हटल्यावर काय करायचे हे परदेशी माणसाला कळत नाही. काय हवे ते सांगा : सही करून परत पाठवा, रंग मंजूर करा, आगाऊ रक्कम भरा. 'रिव्हर्ट' म्हणजे त्यांच्याकडे मूळ स्थितीला परतणे, उत्तर देणे नव्हे. तेथे 'रिप्लाय' लिहावे. 'सेम' हा शब्द "रिसीव्हड द सेम" असा लिहिला की कोणती वस्तू हे शोधावे लागते. वस्तूचे नाव पुन्हा लिहिण्यात कमीपणा नाही. आणि "अवर पार्टी इज नॉट गिव्हिंग पेमेंट" वाचून एखाद्याला लग्नाची पार्टी आठवली तर दोष त्याचा नाही. तेथे 'बायर' लिहावे.

लेखणीचा अमानतदार

काहींना वाटेल की एवढा बारकावा म्हणजे वकिली. आम्हाला तसे वाटत नाही. पवित्र कुरआनची सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीच्या लिखापढीविषयीच आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, ही तिची शिकवण आहे. आगाऊ पैसे घेऊन नंतर माल देण्याच्या 'सलम' व्यवहारात माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. ज्या सौद्यात मालच धूसर आहे त्याला आपल्या फिकहने 'गरर' म्हणून दोषी ठरवले आहे. नेमका शब्द लिहिणे हे आपल्यासाठी फक्त हुशारीचे नव्हे, अमानतीचे काम आहे.

म्हणून व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे की कागद पाठवण्याआधी पाच गोष्टी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्याव्यात : तारीख, नग आणि माप, मालाचे नाव, 'शॅल'ची प्रत्येक अट, आणि इन्व्हॉइसचे एल.सी.शी जुळणे. वाक्ये छोटी ठेवावीत, एका वाक्यात एकच गोष्ट. लिहिलेले इंग्रजी वाक्य मनात परत उर्दूत किंवा मराठीत आणून पाहावे. त्याचे दोन अर्थ निघाले तर ते वाक्य पाठवू नये. आणि पेढीवर बसणाऱ्या आपल्या मुलांना इंग्रजी बोलण्याबरोबर इंग्रजी कागद वाचायला शिकवावे. उच्चार सुधारायला वर्षे लागतील, पण 'बिफोर' आणि 'अन्टिल' यांतला फरक एका बैठकीत शिकता येतो. इन्शाअल्लाह, तेवढ्यानेही पुष्कळांचे घामाचे पैसे वाचतील.